टाचणीबाई आणि मुखपृष्ठावरचा कोट

टाचणीबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक शिलाई मशीन, एक उभा आरसा, पडदा ओढून केलेला कपडे बदलायचा कोपरा आणि दारावर पाटी: 'कपडे सैल-घट्ट करून मिळतील.' नवं काही त्या शिवत नसत. लोकांची अंगं बदलत राहतात, तेवढं काम जन्माला पुरतं, असं त्यांचं म्हणणं. तोंडात सतत दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, म्हणून हे नाव पडलं. टाचण्या तोंडात असूनही त्या स्पष्ट बोलत, आणि फटकळही.

वय एक्कावन्न. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "राहून गेलं" म्हणून विषय मिटवत. घरी वडील होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि चार वर्षांपूर्वी त्यांची नजरच गेली. दिवस सरता सरेना. मग टाचणीबाई रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागल्या. "सगळी भांडणंच की गं," म्हणून ते वैतागले. एकदा लायब्ररीतून टाचणीबाईंनी एक प्रेमकथा आणली आणि म्हातारबुवा जे अडकले ते अडकलेच. महिन्याला सात-आठ कादंबऱ्यांचा फडशा पडू लागला.

पुस्तक उघडण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "कव्हरवर काय आहे?"

"एक मुलगी आहे, बाबा. विशीतली. केस मोकळे, वाऱ्यावर उडतायत. वाळूवरून पळतेय. मागे एक उंच माणूस उभा आहे, कोट घालून."

"तो बघतोय कुणाकडे?"

"समुद्राकडे."

"मग यांचं जमायचं कसं?"

त्या दिवशी वाचन सुरू झालं. तिसऱ्या पानावर कळलं, की नायिका चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, धक्क्यावर नावेची तिकिटं विकणारी आहे. वडिलांनी हात वर केला आणि खाली घेतला. नवव्या पानावर आलं, की ती लहानपणापासून एका पायाने अधू आहे.

"थांब! मघाशी ही पळत होती ना?" वडील खरोखर चिडले होते. "मला दिसत नाही म्हणून काय वाटेल ते सांगतेस?"

हा शब्द टाचणीबाईंना लागला. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी प्रकाशनसंस्थेला पत्र लिहिलं. पायाचं लिहिलं, चष्म्याचं लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'शिवाय तुमच्या नायकाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला आहेत. गेली कित्येक पुस्तकं मी हे पाहते आहे.'

दोन आठवड्यांनी भरदुपारी एक साठीचा, काटकुळा, कोटातला माणूस तेच पत्र हातात घेऊन दारात उभा राहिला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तुम्ही कोण?"

"चित्रकार. पस्तीस वर्षं ही मुखपृष्ठं मी काढतोय."

"पुस्तक वाचून काढता का?"

तो भांडायलाच आला होता, पण या प्रश्नाने गडबडला. "पुस्तक कोण देतंय मला? चिठ्ठी येते. 'जोडपं, समुद्र, संध्याकाळ. सोमवारपर्यंत.' संपलं."

"आणि बटणं?"

"बटणांना काय झालंय?"

टाचणीबाईंनी त्याला आरशासमोर उभं केलं. "तुमच्या अंगावरच्या कोटाची बटणं कुठे आहेत? उजवीकडे. आता आरशातल्या माणसाकडे बघा. त्याची त्याच्या डावीकडे. तशी आम्ही बायकांच्या कोटाला लावतो."

चित्रकार बटणं चाचपत आरशात बघू लागला आणि कानापर्यंत लाल झाला. नायकासाठी माणूस बसवणं परवडत नव्हतं, म्हणून घरातल्या आरशासमोर उभा राहून तो स्वतःलाच काढायचा. खांदे तेवढे रुंद करायचा.

"म्हणजे तो देखणा पुरुष तुम्ही?" टाचणीबाईंच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. इतक्या मोठ्याने त्या कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या. मग तोही हसला. स्टुलावर बसत म्हणाला, "वाचकांना हेच हवं असतं, असं प्रकाशक मॅडम म्हणतात."

"कुणाला विचारलं त्यांनी?"



मग टाचणीबाईंनीच गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली, की कव्हरवर काय हवं. अंगावरच्या कपड्याला टाचण्या लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे उत्तरं मिळत गेली. रुग्णालयातली परिचारिका म्हणाली, "मला बसमध्ये लपवावं लागणार नाही असं कव्हर हवं." तिची धाकटी जाऊ तिथेच होती. ती म्हणाली, "मला तर उघड्या छातीचाच नायक हवा, नाहीतर पैसे कशाला घालवायचे?" एकीला चेहरे नकोच होते, ते आपल्या मनातले असू द्यावेत. एकीला त्या दोघांचं घर बघायचं होतं. निवृत्त कवायत मास्तर पँट सैल करायला आले होते. ते या कादंबऱ्या लायब्ररीतून बायकोसाठी म्हणून न्यायचे. घसा खाकरून म्हणाले, "नायकाला थोडं टक्कल असलं तर चालेल की नाही, एवढं विचारा."

वडील घरी हे सगळं ऐकून घेत. एकदा म्हणाले, "मला वाटतं, त्याने तिच्याकडे बघावं. बाकी काहीही काढा."

चित्रकाराने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या वेळी प्रकाशक मॅडमकडे हट्टच धरला, की आधी पुस्तक वाचायला द्या. मॅडम कातावल्या, पण दिलं. गोष्ट लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईची होती. त्याने दोन चित्रं केली. एक नेहमीचं, समुद्राचं. दुसऱ्यात ती बाई हत्यारांच्या पेटीशी गुडघ्यावर बसली आहे, कपाळावर घाम आहे आणि शेजारचा माणूस टॉर्च धरून उभा आहे. उजेड यंत्रावर पडलाय, पण त्याचे डोळे तिच्यावर आहेत.

मॅडमनी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवून आख्खा दिवस घालवला. शेवटी म्हणाल्या, "एकदाच. अंगाशी आलं तर पुन्हा समुद्र."

अंगाशी आलं नाही, पण आभाळही कोसळलं नाही. काही जणींनी पत्रं पाठवली, की आमचा वारा कुठे गेला. काहींनी लिहिलं, की पहिल्यांदाच पुस्तक टेबलावर सुलटं ठेवलं. मॅडमनी दोन्ही ढीग मोजले नाहीत, नुसते वाचले, आणि ठरवलं, की ज्या गोष्टीत वारा असेल तिच्यावर वारा, नसेल तिच्यावर नाही. चित्रकाराला चिठ्ठीऐवजी आता हस्तलिखित जातं, आणि त्याची एक प्रत जिन्याखालच्या दुकानात येते. वडील ती सर्वांत आधी ऐकतात, आणि प्रकाशनाच्या माणसांपेक्षा जास्त चुका काढतात. "मंगळवारी निघालेली बोट आदल्या सोमवारी कशी पोचली?" हे त्यांनीच पकडलं.

चित्रकार वरचेवर येतो म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी काय काय जोडून पाहिलं. टाचणीबाईंनी ते चुकीची शिवण उसवावी तसं उसवून टाकलं. मात्र तो यायचा असेल त्या दिवशी स्टुलावरची चिंध्यांची टोपली आधीच उचललेली असते.

परवा गुरुवारी दुपारी दुकानात दाटी होती. नवं रेखाटन मशीनवर पसरलेलं. परिचारिकेचं म्हणणं, नायिकेची छत्री मिटलेली असावी, म्हणजे तिचा चेहरा दिसेल. मास्तरांचं म्हणणं, उघडीच हवी, म्हणजे त्याला तिच्याजवळ सरकावं लागेल. आवाज चढले. चित्रकार खोडरबर हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"अर्धी उघडा," टाचणीबाई म्हणाल्या, "आत्ताच उघडतेय असं दाखवा."

"अर्धी उघडी छत्री काढायला फार अवघड असते हो."

"मग शिका की," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातात कोरा कागद दिला.