पेन्सिलीने लिहिलेली यादी

मी काही लिहिणारा माणूस नाही, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलंमाकलं तर माफ करावं. पण खोडरबराचा वास आला की मला मुरबाडच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. आमचा तिघांचा प्रोग्रॅमिंगचा प्रोजेक्ट चाळीसेक फाइलींचा होता. कोणतं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा कोणता तुकडा, कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे, याची यादी हाताने करायचं काम आम्ही दोघांनी टोकावड्याहून येणाऱ्या तिसऱ्या मित्राला दिलं. सीटॅग्ज नावाची कमांड तीच यादी क्षणात करून देते, हे आम्हाला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. महिनाभर तो वहीत पेन्सिलीने लिहीत राहिला. आम्ही मुद्दाम फाइलींच्या सुरुवातीला रिकाम्या ओळी घालायचो, म्हणजे त्याचे सगळे आकडे चुकायचे, आणि तो न कुरकुरता खोडून पुन्हा लिहायचा. "लिव रे, तुजं अक्षर लय चांगलं हाय," मी म्हणायचो. तोंडी परीक्षेला सरांसमोर त्याने अभिमानाने वही उघडली, तेव्हाच मी कमांड दिली आणि तयार यादी पडद्यावर दाखवली. सरही हसले. "आदी का नाय सांगितलंस रे?" एवढंच तो म्हणाला, वही माझ्यापुढे ठेवून बाहेर गेला, आणि पुन्हा कॉलेजात आला नाही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात आसनगाव स्टेशनवर त्याची बहीण भेटली. म्हणाली, "दादा खडीच्या खाणीवर जातो. पोरांना सांगतो, माजी वही कॉलेजात अजून वापरतात."