पाठ न टेकलेली चार वर्षं

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "डाव्या पायाचा अंगठा वर करा."

मी केला. म्हणजे मला वाटलं केला. खाली पाहिलं तर अंगठा होता तिथंच होता. "पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले. मी दात ओठ खाऊन जोर लावला. आई शेजारी वाकून माझ्या पावलाकडे बघत होती आणि अंगठा जणू कुणा परक्याचा असल्यासारखा गप्प पडला होता.

"डिस्क प्रोलॅप्स," डॉक्टर म्हणाले. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी मागे सरकलीय आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देतेय. अंगठा आणि पाऊल वर उचलण्याचं काम त्या नसेचं. तिनं काम सोडलं की पाऊल लटकं पडतं, त्याला फूट ड्रॉप म्हणतात. माझ्या पायात त्याची सुरुवात झाली होती. "तीन आठवडे औषध, व्यायाम आणि विश्रांती. ताकद वाढली तर ठीक. कमी झाली तर ऑपरेशन. आणि लघवी-शौचाचं भान गेलं, किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी निघून यायचं, एक दिवसही थांबायचं नाही."

"मी पहिल्यासारखी चालेन ना?" मी विचारलं.

"आज सांगता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "काम बसून करता ना? खुर्ची कशी आहे?"

"चांगली आहे. उंच पाठीची, चाकांची."

"पाठ टेकून बसता?"

"हो," मी म्हणाले. हे खोटं होतं.

मी मोखाड्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. जातीचे दाखले, रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, घरकुल, जे म्हणाल ते. बाजाराच्या दिवशी सकाळी बसले की दुपारच्या भाकरीलासुद्धा उठणं होत नाही. पोशेऱ्याहून, पार डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं जीपनं आलेली असतात. सर्व्हर बंद पडला तरी त्यांना परत पाठवणं जिवावर येतं. दहा-दहा तास मी त्या खुर्चीत असायचे.

दुकान माझ्या मोठ्या भावाचं. दादानंच ते उघडलं आणि खुर्चीही त्यानंच नाशिकहून आणली, जीपच्या टपावर दोरीनं बांधून. साहेबासारखी खुर्ची आहे म्हणून अख्खा बाजार त्याला चिडवायचा. तोही गंमत म्हणून मागे रेलून, एका पायावर दुसरा पाय टाकून लोकांशी बोलायचा. चार वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली. नाशिकच्या एका दवाखान्यात नेला आणि पाचव्या दिवशी चादरीत गुंडाळलेला परत आला. वय एकतीस.

दुकान बंद करून चालणार नव्हतं. महिन्याभरानं मी कुलूप काढायला निघाले तेव्हा आईनं मला उंबऱ्यात थांबवलं. "त्याच्या जागेवर बसशील तं पुढं बस," ती म्हणाली. "मागं त्याला जागा ऱ्हाऊ दे."

आमच्या घरात गेलेल्या माणसाची जागा एकदम कुणी घेत नाही. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या पाटावरही बाबा कडेलाच बसायचे. त्यामुळे मला यात काही विचित्र वाटलं नाही. मी खुर्चीच्या पुढच्या कडेवर, चार बोटं जागेत बसले आणि काम सुरू केलं.

तुम्हाला हसू येईल, पण तो तिथं होता. खुर्चीच्या पाठीला त्याच्या घामाचा गडद डाग होता आणि त्याच्या केसाच्या तेलाचा वास मला उन्हाळ्यात स्पष्ट यायचा. लाइट गेली की स्क्रीन काळी व्हायची आणि त्या काळ्या काचेत माझ्या खांद्यांच्या मागे खुर्चीची उंच पाठ दिसायची, कुणीतरी ताठ बसल्यासारखी. भर दुपारी, बाहेर भाजीवाल्या ओरडत असताना माझ्या मानेवर काटा यायचा. तरी मी कधी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं आणि तो नसला तर, याचं मला जास्त भय होतं.

तिसऱ्या वर्षी कंबर दुखायला लागली. बसून बसून कुणाची दुखत नाही, असं म्हणून मी बाम लावला. मग कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीत, पोटरीच्या बाहेरून पार अंगठ्यापर्यंत उतरायला लागली. याला सायटिका म्हणतात हे मला नंतर कळलं. नस कमरेत दबते आणि माणूस पाय चोळत बसतो. मीही पोटरी चोळली. पाड्यातल्या एका मावशीकडून तेल लावून घेतलं. दाखले काढायला येणाऱ्या एका गुरुजींनी मला सांगितलंही, "ताई, कमरेमागं एक उशी घ्या." मी उशी आणली आणि खाली घेतली. मागे उशी लावायची म्हणजे दादाला ढकलायचं, ते माझ्या हातून होईना.

डॉक्टरकडे जायचं नाव मात्र मी काढत नव्हते. आमच्या घरातून दवाखान्यात गेलेलं शेवटचं माणूस कसं परत आलं ते मी पाहिलं होतं. एक दिवस घाटाखालच्या थांब्यावर एसटीत चढताना माझी डावी चप्पल पायरीला अडकली आणि मी तोंडावर पडले. पाऊल वर उचललंच गेलं नव्हतं. जव्हारच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशी नाशिकची चिठ्ठी दिली.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. सकाळी उठल्यावर आई चहाच्या आधी माझ्या पायाशी येऊन बसायची. "कर," म्हणायची. मी करायचे. अंगठा हलायचा नाही. ती उठून चुलीकडे जायची. मी भिंतीला धरून संडासापर्यंत जायचे तेव्हा डावं पाऊल जमिनीवर फट् फट् आपटायचं. तो आवाज सगळ्या घराला ऐकू जायचा. सत्तावीस वर्षांच्या मुलीची चाल अशी राहिली तर पुढं काय, हे आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आठवड्यातून दोनदा नाशिकला फिजिओथेरपीला जायचं, म्हणजे व्यायामानं नस आणि स्नायू पुन्हा कामाला लावायचे. बाकावर वाट बघताना तो फिनेलचा वास नाकात जायचा आणि मला दादाचे पिवळे डोळे दिसायचे. प्रत्येक स्ट्रेचर आलं की मी मान खाली घालायचे.

दुसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक खुर्ची ओढली. "दुकानात बसता तशा बसून दाखवा."

मी बसले. त्यांनी बाजूनं येऊन पाहिलं.

"मागे सरका."

मी सरकले नाही.

"अहो, मागे अर्धी खुर्ची रिकामी आहे. कुणासाठी ठेवलीय?"

असं थेट कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. आई दाराशी उभी होती हे माझ्या लक्षात नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मणक्याचं मॉडेल हातात घेतलं. "पुढे वाकून, आधार न घेता बसलं की कमरेतल्या गादीवर दाब वाढतो. तुमची गादी फक्त यानंच सरकली असं मी म्हणणार नाही. पण रोज दहा तास, चार वर्षं, हे थोडं झालं नाही." मॉडेल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "भावाला जागा द्या, पण तुमच्या मणक्यातली देऊ नका."

आई आत आली. "वरसाचा सांगला व्हता मी. वरीस होईस्तवर पुढं बस, असा. तू आजून तशीच बसत व्हतीस?"

वर्षाचं तिनं सांगितलं होतं? ती शपथ घेते. मला ते आठवत नाही, किंवा मला ते ऐकायचंच नव्हतं. तिला कळलं कसं असतं? दादा गेल्यापासून तिनं दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. दादाचं वर्ष घातलं, जेवणं झाली, सगळे मोकळे झाले. मी मोकळी झाले नाही. मला तो मागे हवा होता. माझी पाठ गेली तरी चालेल, पण तो हवा, असंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी आई दुकानात आली. तिनं नागलीची भाकरी आणि मीठ पानावर घेऊन खुर्चीसमोर ठेवलं आणि खुर्चीशी बोलली, तो जिवंत असताना बोलायची तसंच.

"रघू, चल बाबा घरी. लय दिस बसलास. बहिनीला बसू दे आता."

मग आम्ही ती खुर्ची जीपच्या टपावर बांधून गावी नेली. आता ती पडवीत असते. तिच्यावर एक कोंबडी अंडी घालते आणि ती मात्र अगदी मागे, पाठीला टेकून बसते.

नवी खुर्ची घ्यायला मी आणि आई नाशिकला गेलो. जन्मभर जमिनीवर बसलेल्या माझ्या आईनं दुकानातली एकेक खुर्ची बसून पाहिली आणि विक्रेत्याच्या नाकी नऊ आणले. तुम्हालाही दिवसभर बसून काम असेल तर मॅडमनी मला सांगितलेलं सांगते. खुर्चीची उंची आणि चकाकी बघू नका. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत, गुडघे काटकोनात आले पाहिजेत. मांडीखालची बैठक गुडघ्याच्या मागे रुतता कामा नये, तिथं दोन-तीन बोटं जागा राहू द्या. लम्बर सपोर्ट, म्हणजे कमरेच्या खोलगट भागाला येणारा फुगीर आधार, तुमच्याच कमरेवर येतो का ते पाहा, शेजारणीच्या नव्हे. हात टेकवल्यावर खांदे वर चढले तर ती खुर्ची सोडा. दुकानात अर्धा तास बसा, लाजू नका. आणि कितीही चांगली खुर्ची घेतली तरी अर्ध्या तासानं उठा. हे मी आता रांगेतल्या माणसांनाही सांगते. "थांबा, मी दोन मिनिटं चालून येते." कुणीही रागावत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा वर आला असेल. आईनं हात जोडले आणि मग चहा उकळायला ठेवला. ऑपरेशन टळलं. पाऊल अजून पूर्ण सावरलेलं नाही, चढावर दमले की आपटतं. पण मी चालते. डॉक्टरांची, मॅडमची, मला चढवायला जीप थांबवून ठेवणाऱ्या ड्रायव्हरकाकांची मी ऋणी आहे.

नवी खुर्ची दुकानात आली त्या दिवशी बाजार होता. एक बाई नातवाच्या दाखल्याचे कागद घेऊन समोर बसल्या होत्या. मी मागे सरकले. आणखी सरकले. पाठ टेकली. कमरेला, खांद्यांना, सगळीकडे खुर्ची लागली. मागे कुणीच नव्हतं.

दादाला घरी आणला त्या दिवशी मी आल्यागेल्यांना पाणी देत होते. नंतर दुकान होतं, अर्ज होते. त्या बाई कागद हातात धरून म्हणाल्या, "काय झाला गं पोरी?" चार वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या भावासाठी रडत होते.