मेट्रनबाईंच्या गावी

मेट्रनबाई गेल्या तेव्हा कतारच्या दोह्यात उन्हाळा पेटला होता. त्यांचं शव विमानाने इंग्लंडला गेलं आणि अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमधलं शेजारचं घर रिकामं झालं. वसईहून मी नर्स म्हणून आले ती त्यांच्याच वॉर्डात, आणि पुढची सगळी वर्षं त्यांच्याच शेजारी काढली. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरचं कुणी कधी आलं नाही. थोरला भाऊ आहे, एवढं मला ठाऊक होतं.

काही महिन्यांनी त्या भावाचाच फोन आला. आवाज थकलेला.

"शेवटच्या दिवसांत तुम्ही तिच्याजवळ होतात ना? मला ते ऐकायचंय. पण फोनवर नको."

माझी लेक लीड्सला शिकते. तिला भेटायला गेले, तेव्हा आम्ही दोघी बसने मेट्रनबाईंच्या गावी, व्हिटबीला गेलो.

नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं जुनं गाव. दोन्ही तीरांवर लाल कौलांची घरं, धक्क्यावर खेकडे पकडायचे पिंजरे रचलेले, आणि वर कड्यावर एका मठाच्या नुसत्या कमानी उरलेल्या. आमच्या वसईच्या किल्ल्यात चर्चेस अशीच छपराविना उभी आहेत. मला एकदम घरचं काही दिसल्यासारखं झालं.

भाऊ पुलावर उभे होते. जाड कोट, हातात काठी. "वर जाऊ," म्हणाले. कड्यावरच्या चर्चला जाणाऱ्या दगडी पायऱ्या संपता संपत नव्हत्या. ते मध्येमध्ये थांबत, पण लेकीने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

वरच्या दफनभूमीत खाऱ्या वाऱ्याने थडग्यांवरची अक्षरं खाऊन टाकली होती.

"आमचे पणजोबा इथेच आहेत. कुठल्या दगडाखाली, ते आता कळत नाही. तिला इथे जागा नाही मिळाली. ती गावाबाहेर, नव्या दफनभूमीत आहे."

आम्ही बाकावर बसलो. ते काठी बाजूला ठेवून समुद्राकडे वळून बसले. मग म्हणाले, "आई आजारी होती, तरी ती कतारला निघाली. मी दारात म्हणालो, आता परत येऊ नकोस. आली नाही ती. आमच्याबद्दल कधी काही बोलली?"

भांडणाचं त्या कधीच बोलल्या नव्हत्या. मी जे घडलं ते सांगितलं. शेवटी त्यांना अन्न जाईनासं झालं होतं. एका दुपारी मी सुके बोंबील भाजत होते. एरवी त्या वासाने शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. "काय भाजतेस? घेऊन ये." मी पेज आणि बोंबील घेऊन गेले. त्यांनी दोनच घास खाल्ले, पण बसून खाल्ले.

"म्हणाल्या, आमच्या वडिलांच्या खोपटात हाच वास असायचा," मी सांगत होते. "हेरिंग मासे धुरी द्यायला टांगायचे, वरच्या दांडीला मेट्रनबाईंचा हात पुरायचा नाही, म्हणून तुम्ही त्यांना खांद्यावर घ्यायचात. त्या वासामुळे शाळेत तुमच्या दोघांशेजारी कुणी बसायचं नाही. हे सांगताना इतक्या हसल्या, की मीच घाबरले. मग म्हणाल्या, त्याने मला कधी पडू दिलं नाही."

"हे तिला आठवत होतं?"

"तुमचं नाव घेऊन सांगितलं त्यांनी."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते रडू लागले. अगदी लहान मुलासारखे, आवाज करून. माझ्या मराठीला नेहमी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक हळूच मराठीत म्हणाली, "मम्मी, त्यांचा हात धर ना."

मी धरला. थंडगार, खरखरीत हात होता.

नंतर टॅक्सीने गावाबाहेर गेलो. फाटकाशी ते म्हणाले, "तुम्ही इथेच थांबा." एकटेच आत गेले. लांबून ते वाकलेले दिसत होते. बोलत असावेत. वाऱ्यामुळे काही ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकणं आमचं कामही नव्हतं.

दोह्याला परतल्यावर शुक्रवारच्या सुट्टीला चर्चमध्ये मेट्रनबाईंच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवली. वॉर्डातले बरेच जण आले होते.

आता कधीकधी भावाचा फोन येतो. मधली सगळी वर्षं त्यांना माझ्याकडून हवी असतात. वॉर्डात ती रागवायची का, परवा त्यांनी विचारलं.

"फार रागवायच्या," मी म्हटलं. "पण आधी पेशंटला पांघरूण घालायच्या, मग आम्हाला बाहेर नेऊन रागवायच्या."