एसीच्या पाण्याला वाट मिळेना

मित्रांनो, आज सकाळी आईची खाट सरकवली आणि भिंतीवर पुन्हा तीच काळी बुरशी दिसली. दिवाळीत भिंत खरवडून रंग दिला होता.

आईला दमा आहे. गंगाखेडचा उन्हाळा तिला सोसत नाही, म्हणून एसी बसवला. आता त्याचं पाणी भिंतीत मुरतं आणि बुरशीनं तिचा खोकला वाढतो.

पाण्याचा पाइप सरळ मागे काढला की प्रश्न मिटेल. पण मागे चुलतभावाचं अंगण आहे. त्याची परवानगी नाही, म्हणून पाइप चढावानं न्हाणीपर्यंत नेलाय. पाणी काही चढ चढत नाही.

आज हात जोडून त्याच्याकडे गेलो.

"दादा, आज थेंब पडंल, उद्या तुमी वहिवाटीचा हक्क सांगताल," तो म्हणाला.

"हक्क सांगणार नाही, असं लिहून देतो, बाबा."

"तुमी द्याल. तुमची पोरं मानतील का?"

माझा आवाज चढला. पाणी काय एकट्याच्या मालकीचं असतं का, असं विचारून बसलो.

"भाषण चौकात करा," म्हणत त्यानं दार लावलं. सभा गाजवणारा मी, गुमान परत आलो.

आमचं बोलणं आईनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. घरी येतो तर तिनं एसी बंद केलेला. पदर घामानं चिंब, आणि मला म्हणते, "थंडी वाजायली रे."

कोर्टात गेलो तर कितीतरी उन्हाळे निघून जातील. आज आईला कुठे झोपवू, तेवढं कुणी सांगेल का?