पंपाचा आवाज कमी झाला तेव्हा

आयसीयूतल्या मैत्रिणींनो, ड्युटीवरून आत्ताच आलेय. हे सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

कोल्हारचे एक काका मोठ्या हार्ट अटॅकनंतर नगरला आमच्याकडे आहेत. हृदयाला रक्त ढकलवेना, म्हणून मांडीतून फुग्याचा पंप बसवलाय. तो प्रत्येक ठोक्याला आधार देतो आणि वाजतो.

आज डॉक्टरांनी तो आधार एक ठोका सोडून एक असा केला. भेटीच्या वेळी काकू आत आल्या, कान देऊन ऐकलं आणि माझा हात धरला. "सिस्टर, ह्यांचं काळीज मधी मधी थांबतंय!"

"काकू, हा आवाज मशीनचा आहे. काका जरा सुधारलेत, म्हणून आधार कमी केलाय."

"मग इतके दिवस मी कुनाचं ऐकत हुते?"

पंप बसवताना आम्ही सगळं समजावलं होतं म्हणे!

मी त्यांची बोटं काकांच्या मनगटावर ठेवली. नाडी सापडली तशा त्या हलेचनात.

"लई बारीक हाय."

"हो. पण काकांची आहे."

उद्याचं कुणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या पेशंटजवळ उभं राहून कुणी काय ऐकतंय, कधी विचारलंत?