माती टाकायच्या आधी

काकानं खोडाळ्याच्या बाजारात, भर माणसांत आईला चोर म्हटलं. बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तिनं राबासाठी तोडल्या, त्या म्हणे त्याच्या होत्या. आई सुकटीचा भाव विचारता विचारता थांबली आणि मान खाली घालून चालू लागली. ताईनं मात्र दातओठ खाल्ले. ती दहावीत जाणार होती, मी आठवीत.

आम्ही दोघी आश्रमशाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीला आलो होतो. येताना ताईनं शाळेच्या वाचनालयातली एक कादंबरी आणली होती. तिच्यात शहरातली एक मुलगी आईच्या अपमानाचा सूड घेते. शेवटी वैऱ्याचा बंगला जळतो आणि ती मागे वळूनही बघत नाही. ताईनं ते पुस्तक इतकं वाचलं की त्याची शिवण उसवली. मला त्या मुलीचा रागच यायचा. तिला ना पाणी भरायचं होतं, ना गुरांमागं जायचं होतं. सूड घ्यायला बाईसाहेबांना वेळच वेळ!

"मी काकाचा राब पेटवणार," ताई म्हणाली.

माझी झोप उडाली. भात-नागलीची रोपं करायची त्या जागी पाला, शेण, फांद्या अंथरून वर माती टाकतात. मग राब सावकाश धुमसतो, जमीन भाजून निघते. माती टाकायच्या आधीच पेटवला तर भडकतो आणि राख वाऱ्यावर जाते. काकानं अजून माती टाकली नव्हती. मी काहीतरी निमित्त काढून सारखी बघून यायचे. टाक की रे बाबा एकदाची! काडेपेटी तांदळाच्या मडक्यात लपवली, त्यापायी आईच्या शिव्या खाल्ल्या. ताई उठली की मी उठायचे.

"माझी शेपूट झालीस का गं?" ती खेकसायची.

एका दुपारी आईनं मला विहिरीवर पिटाळलं. हंडा भरत होते तेवढ्यात धूर दिसला.

काका धावत आला तोवर राख उडत होती. कुठूनतरी ठिणगी आली असेल, असं सगळे म्हणाले. ताईच्या चेहऱ्यावर पुस्तकातलं काहीच नव्हतं. ती त्या राखेकडे वळून वळून बघत होती. मी तोंड उघडलं नाही.

पुन्हा राब करायला काकाकडे ना पाला उरला होता, ना दिवस. त्याची रोपं पिवळी, विरळ आली. आवणीला, रोपं उपटून खाचरात लावायच्या वेळी, आम्ही चार दिवस शाळेतून घरी आलो होतो. तेव्हा काका आमच्या बांधावर येऊन उभा राहिला. बाबांनीच हाक मारली, "ने रे. आपलीच रोपा हायत, अर्धी ने." त्यांना काय माहीत! ताईनं स्वतःच्या हातानं रोपांच्या मुठी बांधून काकाला दिल्या.

दोन्ही घरांची खाचरं अर्धीच लागली, भातही अर्धंच पिकलं. दिवाळी झाल्याबरोबर दोन्ही घरं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघाली. भाकरी भाजायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला ताईला नेलं. तिची दहावी तिथंच बुडाली. मला वसतिगृहात ठेवलं.

ट्रकमध्ये चढण्याआधी तिनं ते पुस्तक परत करायला माझ्या हातात दिलं. मी तिच्यावर भयंकर चिडले होते आणि रडूही आवरत नव्हतं.

"ही पोरगी पुढं काय करते गं?" मी विचारलं.

"पुढं काय नाय. पुस्तक तिथंच संपतं," ती म्हणाली आणि तवा-पातेल्यांचं गाठोडं उचलायला वाकली.