कडेची कोरी जागा

प्रदर्शनातलं ते भलंमोठं चित्र मला अपुरं वाटलं. मध्ये रंगांचा नुसता दंगा, आणि डाव्या-उजव्या कडेला वीतभर कापड कोरंच. चित्र काढणाऱ्या सुमनताई शेजारीच उभ्या होत्या. मी तसं बोललेही.

त्या हसल्या. "अपुरं कसलं? तिथं हात येतात."

"कुणाचे?"

"मोर्चात कापड धरणाऱ्यांचे. आम्ही जुन्या साड्यांवर चित्रं काढायचो आणि रंग वाळायच्या आत निघायचो. कडेपर्यंत रंगवलं की धरणाऱ्यांचे तळवे माखायचे. मग शिव्या खायच्या!"

आमच्या सांगलीच्या या बाईला कुठल्या कलाशाळेनं घडवलं नाही. पथनाट्यं, चौकातल्या कविता, घोषणा, त्या सगळ्या गोंगाटानं घडवलं. चित्र काढतानाच ते धरणाऱ्या अनोळखी माणसाला जागा ठेवायची, हे ती तिथं शिकली. चळवळ केव्हाच पांगली. पण समोरच्या भिंतीवर ताईंच्या विद्यार्थिनींची चित्रं होती, आणि कधी मोर्चात न गेलेल्या त्या मुलींनीही कडा कोऱ्याच सोडल्या होत्या.

संध्याकाळी चित्रं उतरवली. टेंपो रस्त्यापलीकडे उभा होता. मोठ्या चित्राची एक बाजू ताईंनी धरली, दुसरी मी. माझे हात आपसूक कोऱ्या पट्टीवर पडले. मागून मुली आपापली चित्रं धरून दोघी-दोघी निघाल्या. रस्त्यावरची वाहनं थांबली.

एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ताई, मोर्चा कशाचा?"